‘गोळी सोडा’ म्हणणारा निसर्गोपचार आमचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपला अंक उलगडला आणि घडीतून एक गुलाबी पत्रक खाली पडलं. वर कमळात बसलेल्या बाईचं चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत ‘स्त्रियांसाठी निसर्गोपचार महाशिबिर’. २१ दिवसांत हार्मोन संतुलन, पीसीओडी मुळापासून बरा, थायरॉईडच्या गोळीपासून कायमची सुटका, पाळीच्या सर्व तक्रारींवर खात्रीशीर इलाज. तळाशी एका मंगल कार्यालयाचा पत्ता, नावनोंदणीसाठी मोबाईल नंबर आणि ‘किटचे शुल्क वेगळे’ अशी बारीक ओळ. शिबिर घेणाऱ्याचं शिक्षण काय, एवढीच गोष्ट पत्रकात कुठं नव्हती.

मी कोल्हापुरात एका निसर्गोपचार केंद्रात उपचार सहायिका म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही. मातीच्या पट्ट्या भरणं, कटिस्नानाचा टब तयार करणं, बायकांना आसनं दाखवणं, त्यांच्या जेवणाची वही तपासणं हे माझं काम. आयुष्याची उमेदीची वर्षं मी याच कामात घातली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. निसर्गोपचाराचं नाव लावून बायकांच्या गोळ्या बंद करायच्या, तपासण्या टाळायच्या आणि वर पावडरीचे डबे गळ्यात मारायचे, हे जे चाललं आहे ते निसर्गोपचार नव्हे. हे आमच्यातल्याच कुणीतरी उघडपणे सांगायला हवं.

पहिली गोष्ट, निसर्गोपचारात पोटात घ्यायचं औषध नसतंच. माती, पाणी, ऊन, हवा आणि उपवास किंवा साधा आहार, एवढ्यावरच ही पद्धत उभी आहे. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले, तिथल्या गावकऱ्यांवर त्यांनी याच साधनांनी उपचार केले, आणि पुढं त्यांचे सहकारी मणिभाई देसाई यांनी तिथला निसर्गोपचार आश्रम चालवला, वाढवला. पुण्यात ताडीवाला रोडवर डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथं आज राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. या परंपरेत कुणी हजारो रुपयांचं ‘हार्मोन किट’ विकलेलं मला ठाऊक नाही. ज्या शिबिरात पावडर, काढ्याच्या पुड्या आणि थेंबांची बाटली विकली जाते, ते आणखी काहीही असो, पण निसर्गोपचाराचं शिबिर खास नव्हे.

आणि ज्या गांधीजींचा फोटो अशा शिबिरांच्या स्टेजवर हार घालून ठेवतात, त्यांना १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांची शस्त्रक्रिया केली. निसर्गोपचारावर इतकी श्रद्धा असलेला माणूस त्या रात्री टेबलावर झोपला. हा प्रसंग मी आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

आम्ही काय करतो तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. मातीची पट्टी घ्या. शेताच्या वरच्या थरातली माती चालत नाही, तिच्यात खत असतं, फवारणी असते. दोन-तीन फूट खालची लागते. करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून खणतीची काळी माती येते. ती गच्चीवर पसरून कडक उन्हात वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची, काड्या-खडे वेचायचे. रात्री भिजत घालायची आणि सकाळी लाकडी दांड्यानं घोटायची. भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल झाली की ओल्या सुती कापडावर बोटभर जाडीची पट्टी थापायची आणि ओटीपोटावर ठेवायची. वीसेक मिनिटं. वरून कापड. घरात दिवसभर जिला कुणी पाच मिनिटं बसू देत नाही ती बाई तेवढ्या वेळात गाढ झोपते. तिचं पोट शांत होतं, अंगातला ताण उतरतो. अंडाशयातल्या गाठी मात्र मातीनं विरघळत नाहीत. तसं आम्ही कधी कुणाला सांगितलेलं नाही.

कटिस्नानाचंही तसंच. बेंबीपर्यंत पाणी, पाय टबाबाहेर, दहा-पंधरा मिनिटं. पाळीच्या दिवसांत गार कटिस्नान आम्ही देत नाही. कळा असतील तर गरम पाण्याची पिशवी देतो. शेकानं कळा कमी होतात याला रीतसर चाचण्यांचाही आधार आहे. यात चमत्कार कसलाच नाही. आपल्या आज्या तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरत होत्या.

आता ज्या प्रसंगानं मला लिहायला बसवलं तो सांगते. बाईंची ओळख पटू नये म्हणून गाव आणि व्यवसाय बदलला आहे. कागलकडच्या एक शिक्षिका, चाळिशीच्या आतबाहेरच्या, आमच्याकडं वजन वाढलं म्हणून आल्या. ऐन वैशाखात अंगात स्वेटर. कटिस्नानाच्या टबात पाय ठेवला आणि दात वाजायला लागले, लगेच बाहेर काढलं. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झालेल्या. नाडी बघितली तर अगदी संथ. पायावर अंगठा दाबला, सूज होती पण खड्डा पडला नाही. मी विचारलं, थायरॉईडची गोळी घेता का? म्हणाल्या, “घेत हुतो की. शिबिरात सांगितलं गोळीनं शरीर आळशी झालंय, बंद करा म्हणून. मी तर सगळं सांगितल्यागत करतो, तरी अंग का सुजतंय ओ ताई?” मधल्या काळात पाळीत रक्त इतकं जायचं की शाळेत वर्गावर उभं राहणं अवघड झालेलं. शिबिरवाल्यांनी त्याला ‘घाण बाहेर पडते आहे’ असं नाव दिलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी त्या दिवशी कुठलाच उपचार दिला नाही, थेट तपासणीला पाठवलं. टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंद झाली की रक्तात वाढणारा आकडा, जिथं साधारण चारच्या आत असायला हवं तिथं ६० च्या वर निघालं. गोळी पुन्हा सुरू झाली, पुढचे दोनेक महिने गेल्यावर त्यांचा आवाज परत आला, पाळीतला रक्तस्रावही आवरला.

थायरॉईडची ग्रंथी मंद झाली असेल तर गोळीतून जातं ते तेच संप्रेरक (हार्मोन), जे शरीर स्वतः पुरेसं बनवत नाही. ती सवयीची गोष्ट नव्हे, व्यसन तर नव्हेच. ती पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या-एक तासानं, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर तिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं. आमच्याकडं येणाऱ्या किती बायका चहाच्या घोटाबरोबर ती गोळी घेतात! ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीमागं कितीदा तरी तो चहाच असतो. हे त्यांना दोन मिनिटांत समजावून सांगणं हाही निसर्गोपचारच आहे असं मी मानते. जिच्या पोटात बाळ आहे तिनं तर ही गोळी स्वतःच्या मनानं सोडायचा विचारही करू नये. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर चालते.

पीसीओएसबद्दल, म्हणजे पत्रकातल्या त्या पीसीओडीबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण या शिबिरांत सगळ्यात जास्त मुली त्यासाठीच येतात. दर दहा बायकांमागं साधारण एकीला हा त्रास असतो. नुसत्या सोनोग्राफीत ‘पाण्याच्या गाठी’ दिसल्या म्हणून तो ठरत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्तातलं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफी, या तिन्हींपैकी दोन तरी जुळाव्या लागतात. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींत तर सोनोग्राफीवर विसंबूच नये असं तज्ज्ञांचं मत आहे, कारण त्या वयात तसं चित्र निरोगी मुलींतही दिसतं. तरी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींच्या हातात रिपोर्ट देऊन ‘पुढं मूल होणार नाही’ अशी भीती घालतात आणि आई कानातलं गहाण ठेवून किट घेते. पीसीओएस असलेल्या कितीतरी बायकांना मुलं होतात, काहींना थोडे उपचार लागतात, इतकंच.

मुळात होतं काय, तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि त्या संप्रेरकांना रक्तात धरून ठेवणारं यकृतातलं एक प्रथिन कमी करतं. मग हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं येतात, पाळी लांबते. मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमली जाडसर पट्टा दिसतो. आया तो मळ समजून डाळीच्या पिठानं, लिंबानं, कधी तर घासणीनं पोरीची मान घासतात. सोलवटलेल्या मानेच्या मुली मी पाहिल्या आहेत. तो मळ नव्हे, वाढलेल्या इन्सुलिनची ती खूण आहे.

इथं आहार-विहाराचा खरोखर उपयोग होतो, आणि मी अभिमानानं सांगते की इथं आमची आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची वाट एकच आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये पीसीओएससाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या त्यांतही जीवनशैलीचा सल्ला सगळ्यांना द्यावा असं म्हटलं आहे. वजन जास्त असेल तर त्याच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी मार्गी लागते. म्हणजे ७० किलोच्या बाईचं साडेतीन ते सात किलो. त्यासाठी कुठलाही एकच आहार श्रेष्ठ ठरलेला नाही. कीटो नको, नुसत्या फळांवर राहणं नको, चौदा दिवस जवस आणि चौदा दिवस तीळ असं वेळापत्रकही नको. जवस, तीळ जरूर खा, चटणी करून रोज खा. पण त्यांना पाळीच्या तारखा पाठ असतात असं समजू नका.

आमच्या कोल्हापूरच्या ताटात काय कमी आहे? ज्वारीची भाकरी आहे, नाचणी आहे, मोडाची मटकी आहे, शेपू-मेथी-पोकळा आहे, अंडं आहे, बुधवार-रविवारचं मटण आहे. तांबड्या रश्श्यानं कुणाची पाळी बिघडत नाही. बरोबर किती भात रिचवला आणि दुपारी चहा-खारी-बटरचे किती फेरे झाले, हे बघायला हवं. आणि एक गोष्ट गूळमार्केटच्या गावात राहून बोलायला जड जाते, पण बोलते. ‘साखर सोडा, गूळ कितीही खा’ हा सल्ला चुकीचा आहे. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याची चव जगात नाही, पण रक्तात गेल्यावर तो बहुतांशी साखरच असतो. काकवीचंही तेच. ज्यांचं इन्सुलिनचं गणित बिघडलं आहे त्यांनी गूळ चवीपुरताच घ्यावा.

आणखी एक धोका शिबिरवाले कधी सांगत नाहीत. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर आत साचून जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ‘सहा महिने काढा घे, आपोआप येईल’ असं म्हणत वाट बघत बसणं बरं नव्हे. अशा मुलीला आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांकडं पाठवतो. डॉक्टर पाळी आणायच्या गोळ्या देतील, गरज पडली तर इन्सुलिनला शरीरानं नीट दाद द्यावी म्हणून मेटफॉर्मिन देतील. तिचं चालणं, वजनाचे व्यायाम, झोप आमच्याकडं चालू राहते. यात कुणाची हार नाही.

पाळी न येणाऱ्या सगळ्याच मुलींना पीसीओएस असतो असंही नाही. तपोवन मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोलीस भरतीच्या मुली बघा. आठशे मीटरची वेळ कमी करायची म्हणून दोनदा पळतात, वजन वाढू नये म्हणून रात्रीची भाकरी सोडतात, खोली घेऊन चार जणी राहतात आणि एका डब्यावर भागवतात. त्यांतली एक बारीक चणीची पोर माझ्याकडं आली. पाळी थांबली होती, आणि कुणीतरी तिला ‘शरीरशुद्धीसाठी’ रसाचा उपवास सांगितला होता. आधीच अन्न कमी पडतंय म्हणून मेंदूनं अंडाशयाला धाडायचे निरोप कमी केलेले, त्यात हा उपवास! असंच चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात, भरती राहते बाजूला. तिला उपवासाची गरज नव्हती. सकाळी पळून आल्यावर दोन अंडी, शेंगदाण्याचा लाडू, दुपारी पोटभर भाकरी-उसळ, रात्री दूध-भात आणि आठवड्यातून दोन दिवस विश्रांती, असं सगळं आमच्या डॉक्टरांनी तिच्या वहीत लिहून दिलं. एकच उपवास सगळ्यांना सांगणाऱ्याला उपवास कळलेलाच नाही.

त्यात आपल्या बायका आधीच किती उपवास करतात! नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणातले सोमवार, संकष्टी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यांचं हिमोग्लोबिन न बघता मंगल कार्यालयात शेकड्यानं बसवून रसावर ठेवायचं, आणि चक्कर आली की ‘शुद्धी सुरू झाली’ म्हणायचं, हे बघून माझा जीव जळतो.

हेही मान्य करायला हवं की बायका या शिबिरांकडं उगाच वळत नाहीत. दवाखान्यात तासन्‌तास नंबर लावल्यावर दोन मिनिटं मिळतात. ‘हार्मोनल आहे’ एवढं सांगून चिठ्ठी हातात येते. गोळी कशासाठी, किती दिवस, बंद कधी करायची, हे विचारायचं धाडस होत नाही. अंगावरून पांढरं जातं हे तर कित्येकींनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नसतं. याउलट शिबिरात एक माणूस तासभर बोलतो, ‘तुमचं दुखणं मला कळतं’ म्हणतो, शेजारी तसल्याच दहा जणी बसलेल्या असतात. बाई तिथं पहिल्यांदा रडते. आणि रडून झालं की किट घेते.

शिवाय ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्लाही आपल्याकडं फार सहज मिळतो. दर हंगामाला बीडकडून आपल्या ऊसपट्ट्यात तोडणीला येणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तिशी-पस्तिशीत पिशवी गेलेल्या, कधी बरोबर अंडाशयंही गेलेल्या बायका पुढं गरम वाफा, सांधेदुखी, झोप उडणं घेऊन आमच्यासारख्यांच्या दारात येतात. अंडाशयं काढली की पाळी जाण्याचा जो बदल वर्षानुवर्षांत हळूहळू व्हायचा तो एका रात्रीत होतो. अशा तरुण बाईला संप्रेरकांच्या उपचाराबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं, आणि आम्ही तेच सांगतो. मातीची पट्टी अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाची जागा घेऊ शकत नाही.

नैसर्गिक पाळी जाण्याबद्दल थोडक्यात लिहिते. आपल्याकडं ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. वाफा येणं, रात्री घाम फुटणं, चिडचिड याला हलकं जेवण, सैल सुती कपडे, थंड पाण्याचा हबका, दीर्घ श्वसन यांनी आराम पडतो. फारच त्रास असेल तर डॉक्टरांकडं औषधं आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. हाडांसाठी चालणं पुरत नाही, वजन उचलायला हवं. हुपरीच्या कितीतरी बायका घरात मांडी घालून दिवसभर चांदीच्या पैंजणांचं काम करतात, मान खाली, पाठ वाकलेली. त्यांना मी पाण्याच्या बाटल्या घेऊन हाताचे व्यायाम आणि खुर्चीवरून उठबस दाखवते. रानात राबणाऱ्या बाईला मात्र ‘रोज रंकाळ्याला पाच फेऱ्या मारा’ सांगणं म्हणजे तिची थट्टा आहे, तिला दुपारची तासभर विश्रांती लिहून द्यावी लागते, आणि ती तिच्या सासूसमोर लिहून द्यावी लागते. अशा वयात ‘दूध विष आहे’ म्हणून दूध तोडायला लावणारे आपल्या या दुधाच्या जिल्ह्यातही निघाले आहेत. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, शंभर ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण म्हणून दूध-ताक बंद करायचं कारण काय?

आणि हे कृपा करून ठळक छापा: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून घरी बसू नये. त्याच आठवड्यात सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जावं. बहुतेकदा कारण साधं निघतं. जेव्हा साधं नसतं तेव्हा लवकर जाण्यानं जीव वाचतो.

आता संपादक महोदय, आपल्याकडं एक मागणी. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा सांगतो की स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी दुरुस्त करणारं औषध म्हणून कशाचीही जाहिरात करता येत नाही. तिसऱ्या कलमात हे स्पष्ट आहे. त्याच्या यादीत स्त्रीरोग आहेत, वंध्यत्व आहे, लठ्ठपणाही आहे. ‘जाहिरात’ या शब्दात पत्रक येतं, वेष्टन येतं, तोंडी घोषणासुद्धा येते, म्हणजे रिक्षावरचा भोंगाही आला. आणि बंदी फक्त विकणाऱ्यावर नाही, अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकावर आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यातून सुटायला ही मंडळी डब्यावर १४ आकडी अन्न परवाना छापतात आणि आत खाद्यपदार्थ असल्याचं भासवतात, मग पत्रकात रोग बरे करण्याची भाषा करतात. माझी कळकळीची विनंती आहे की आपल्या जाहिरात विभागानं असा मजकूर घेऊ नये, आणि अंकाच्या घडीत पत्रकं टाकणाऱ्या वितरकांनाही ताकीद द्यावी. पहिल्या पानावर स्तन-कर्करोग जागृतीची बातमी आणि आतून ही गुलाबी पत्रकं, हे आपल्या वाचक भगिनींना फार महागात पडतं.

आमच्या क्षेत्राचंही घर नीट करायला हवं. निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, ती घेतलेले डॉक्टर आहेत. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्यासाठी २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोग आला, पण निसर्गोपचार त्यात नाही. त्यामुळं चार दिवसांचा कोर्स करून आलेला माणूसही बोर्डावर ‘निसर्गोपचार तज्ज्ञ’ लिहितो आणि बाईला कळायचा मार्ग राहत नाही. आयुष मंत्रालय २०१४ पासून आहे, दरवर्षी १८ नोव्हेंबरला निसर्गोपचार दिन साजरा होतो. त्या दिवशी भाषणांबरोबर पदवीधर डॉक्टरांची जिल्हावार यादी प्रसिद्ध झाली तर किती बरं होईल. आपल्या दैनिकानं ती छापावी, मी स्वतः केंद्राच्या दारावर चिकटवीन.

तोवर भगिनींना एवढंच सांगते. शिबिराला जायचंच असेल तर आपली फाईल घेऊन जा: जुन्या तपासण्या, चालू गोळ्या, सगळं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. डब्यातल्या पावडरीत काय काय आणि किती आहे हे विचारा. अश्वगंधा असली तर थायरॉईडच्या रुग्णानं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. आणि कुणी चालू गोळी बंद करायला सांगितलं तर त्यानं ते स्वतःच्या लेटरहेडवर, नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि सहीसह लिहून द्यावं असा आग्रह धरा, त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि घरी येऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. ते बघेपर्यंत गोळी चालूच ठेवा.

आपली नम्र,
एक निसर्गोपचार सहायिका,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

(आमच्याकडं येणाऱ्या बायकांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)